अंतर बिनचूक, वेळ मात्र अंदाजाने: दोन शहरांमधले अंतर सांगणाऱ्या एका अ‍ॅपविषयी

दोन शहरांची नावे लिहिली की त्यांच्यातील हवाई अंतर, रस्त्याचे अंतर आणि दोन्हींना लागणारा वेळ सांगणारे एक अ‍ॅप मी गेले सहा महिने कामासाठी वापरत आहे. त्यातील अंतरावर मी निर्धास्तपणे विसंबतो. वेळेवर विसंबणे मी सोडून दिले आहे.

हवाई अंतर मोजण्याचे काम ते उत्तम करते. पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरून जाणारा सर्वांत जवळचा मार्ग ते घेते, त्यामुळे लांबच्या शहरांमधली रेघ सपाट नकाशावर बहुधा ध्रुवाकडे वाकलेली दिसते. नवख्याला ती चूक वाटेल, पण खरी जवळची वाट तीच असते. १,८५२ मीटरचा एक या हिशेबाने सागरी मैलही मिळतात. खूण मात्र शहराच्या मध्यावर असते. मी ती बोटाने सरकवून विमानतळावर नेली, तेव्हा आकडा ३१ किलोमीटरने बदलला, आणि जवळच्या शहरांच्या बाबतीत हा फरक थोडाथोडका नाही.

माझी खरी तक्रार रस्त्याच्या वेळेबद्दल आहे. एका प्रवासासाठी अ‍ॅपने ५६० किलोमीटर आणि ७ तास दाखवले. प्रत्यक्षात पोहोचायला साडेनऊ तास लागले आणि ठरलेली बैठक हुकली. घरी आल्यावर जुने शोध तपासले. २४० किलोमीटरला ३ तास, ८८० किलोमीटरला ११ तास. भागाकार केला की दर वेळी ताशी ८० किलोमीटरच येतात. रस्ता सपाट महामार्ग असो की वळणावळणाचा घाट, वेग एकच, आणि तो गृहीत धरला आहे हे पडद्यावर कुठेही लिहिलेले नाही. वापरणाऱ्याला निदान एवढे तरी कळायलाच हवे.

विमानाच्या वेळेतही हेच घडते. मधल्या टप्प्यातील ताशी ८५० किलोमीटरचा वेग साऱ्या अंतराला लावला आहे. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यांचा वेळ त्यात नाही. मध्य अक्षांशांवर उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून अटलांटिक ओलांडताना युरोपकडे येणारे विमान साधारणपणे लवकर पोहोचते; अ‍ॅप मात्र जाण्यायेण्याचा वेळ सारखाच सांगते. सुरक्षा तपासणी आणि सामानासाठी थांबणे हे तर आपणच मिळवायचे.

आता मी अ‍ॅपमधून फक्त रस्त्याचे अंतर घेतो आणि भागाकार स्वतः करतो. त्या ५६० किलोमीटरपैकी ११० किलोमीटर घाट होता. घाटाला ताशी ४०, उरलेल्या रस्त्याला ८० आणि थांब्यांसाठी एक तास धरला, तर सुमारे ९ तास २२ मिनिटे होतात.