बंपरपुरता उत्तम: २के क्लिअर कोटचा स्प्रे कॅन

घरच्या गॅरेजमध्ये बंपर किंवा आरसा रंगवायचा असेल, तर कॉम्प्रेसर-गनपेक्षा २के क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावर मारायच्या दोन घटकांच्या पारदर्शक थराचा, हा कॅन नक्कीच परवडतो. तळाची पिन दाबली की हार्डनर, म्हणजे थर कडक करणारा दुसरा घटक, आत सुटतं. मग दोन मिनिटं जोरात हलवायचं. तिथून रसायन कॅनमध्येच घट्ट व्हायला लागतं, त्यामुळे उरलेला पुढच्या आठवड्यासाठी ठेवता येत नाही. १५ ते २० सेंटिमीटरवरून पहिला हात हलका, दहाएक मिनिटांनी दुसरा ओला. जवळून मारलं की ओघळ येतात, लांबून मारलं की खरखरीत. पूर्ण सुकल्यावर पेट्रोल सांडलं तरी चकाकी जात नाही. १के, म्हणजे हार्डनर नसलेलं एकाच घटकाचं लॅकर तिथे हार मानतं. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, म्हणून कापडी मास्क अजिबात नको. कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर, हातमोजे, उघडं शटर हवंच. अख्ख्या बॉनेटला मात्र घेऊ नका: फवाऱ्याचा पट्टा अरुंद, जोड दिसतात.