प्रवासात टिप द्यायला: सुट्ट्या नोटा की यूपीआय?

भाजीच्या गाडीपासून पेट्रोल पंपापर्यंत सगळं स्कॅनवर भागतं, मग टिपेपुरती रोकड वेगळी का बाळगायची? बाळगावी, पण सगळ्यांसाठी नाही. समोरचा माणूस तुमच्याजवळ किती वेळ थांबणार आहे, यावर नोट की यूपीआय हे ठरतं.

बॅगा खोलीत आणून देणारा जेमतेम अर्धा मिनिट दारात असतो. त्याला क्यूआर विचारायचा, त्याने फोन काढायचा, तुमच्या खोलीत रेंज नाही, वायफायचा पासवर्ड अजून मिळालेला नाही. तोवर दोघंही अवघडून जातात. पन्नासची नोट हातात दिली की विषय संपला. शिवाय ड्यूटीवर फोन जवळ ठेवायला काही हॉटेलांत मनाई असते, आणि मग दाखवला जातो तो क्यूआर सुपरवायझरचा निघतो. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर नाव येतं ते वाचा. शर्टावरच्या नावाशी जुळलं नाही, तर नोटच द्या.

खोली आवरणाऱ्यांची आणि तुमची बहुधा गाठच पडत नाही, त्यामुळे तिथे रोखीला पर्याय नाही. घोळ होतो तो ठेवण्यात. टेबलावर नुसती पडलेली नोट चांगल्या हॉटेलातला कर्मचारी उचलत नाही. पाहुणा विसरला असं समजून ती तशीच राहते, नाहीतर ऑफिसात जमा होते. म्हणून नोट पाकिटात घालून उशीवर ठेवावी आणि वर स्पष्ट लिहावं: ‘रूम साफ करणाऱ्यांसाठी’. हिंदीत लिहिलं तर आणखी बरं, या कामावर बाहेरच्या राज्यांतली माणसं बरीच असतात. घरात उरलेली आहेराची पाकिटं यासाठी झकास. पन्नास ते शंभर रुपये रोजच्या रोज ठेवा, निघताना एकदम नको. तीन दिवस जिने खोली आवरली, तिची चौथ्या दिवशी सुट्टी असू शकते.

ताडोबात तर निवड करायचा प्रश्नच नाही, सफारीला मोबाइल नेता येत नाही. गाइड गेटवर उतरतो आणि तुमच्या हाती फोन येईपर्यंत निघून गेलेला असतो. गाइड आणि जिप्सीचा ड्रायव्हर यांच्यासाठी आधीच दोन वेगळ्या घड्या करून ठेवा. एकाच्याच हातात देऊन ‘वाटून घ्या’ म्हणू नये. जिप्सीमागे प्रत्येकी दोनशे ठीक. वाघ दिसला नाही म्हणून हात आखडू नका, वाघ काही त्यांच्या पगारावर नाही.

वेटरच्या बाबतीत मात्र यूपीआय दगा देतं, तेही तुमच्या लक्षात न येता. टेबलावरचा क्यूआर मालकाचा असतो. बिलावर पन्नास वाढवून भरले की ते गल्ल्यात जातात आणि वेटरला मिळतात ते मालकाच्या मर्जीने. कार्डाचंही तेच. तेव्हा बिल फोनवरून भरा आणि टिप नोटेने, वेटरच्या हातात. काउंटरवर टिपेचा डबा असेल तर त्यात टाकलेलंही चालतं; रात्री वाटणी होते तेव्हा आतल्या भांडीवाल्यालाही वाटा मिळतो. आधी बिल नीट वाचा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. काढून टाकायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तो भरलाच असेल, तर वर पुन्हा टिप नको.

यूपीआय खरं शोभतं ते चार-पाच दिवस सोबत असलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला. त्याचा नंबर तुमच्याकडे असतोच, रक्कम मोठी असते आणि त्याला ती घरी पाठवणं सोपं जातं. दिवसाला दोनशे-तीनशे धरून शेवटच्या दिवशी द्या. पॅकेजमधला ड्रायव्हर भत्ता म्हणजे टिप नव्हे. तरी एकदा विचारावं, ‘दादा, रोख देऊ की ऑनलाइन?’ खात्यावर हप्ते थकलेले असले तर बँक आधी आपलं कापून घेते, आणि हे तो आपणहून सांगणार नाही.

एकट्या बाईने आणखी एक पाहावं: यूपीआय आयडीत मोबाइल नंबर असेल तर तो समोरच्याकडे जाऊ शकतो. ॲपमध्ये नंबर नसलेला आयडी बनवून घ्या. बँकेचा सर्व्हर रखडतो तेव्हा यूपीआय लाइट कामी येतं: १,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, शिल्लक ५,००० पर्यंत ठेवता येते. इंटरनेट मात्र लागतंच.

शेगावच्या संस्थानातल्या सेवेकऱ्यांना टिप देऊ नये. द्यायचंच असेल तर दानपेटी आहे. स्टेशनवरच्या हमालाचे दर ठरलेले असतात, ती मजुरी आहे.

आता सुट्टे आणायचे कुठून? एटीएमवर ५०० टाकले की एकच नोट हातात येते. ४०० टाका, मशीनला शंभर-दोनशेच्याच नोटा द्याव्या लागतात. अशा नोटा जास्तीत जास्त एटीएममध्ये ठेवा, असं रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितलं आहे. मोफत व्यवहारांची मर्यादा ओलांडली तर दरवेळी २३ रुपयांपर्यंत आणि वर कर, त्यामुळे चारदा चारशे काढत बसू नका. पन्नास आणि वीसच्या नोटा बँकेच्या काउंटरवरून किंवा ओळखीच्या किराणा दुकानातून, निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी घ्या. जोडप्याला चार दिवसांसाठी पन्नासच्या २०, शंभरच्या १० आणि वीसच्या १०, म्हणजे २,२०० रुपये पुरतात. फाटक्या नोटा आधीच बाजूला काढा, त्या खपवताना त्या माणसाचीच दमछाक होते.

या नोटा मोठ्या पाकिटात ठेवू नयेत, सुट्टे शोधताना पाचशेची थप्पी सगळ्यांसमोर उघडी पडते. दिवसापुरत्या खिशात, बाकी बॅगेत. नवी वीसची पोपटी-पिवळी आणि दोनशेची पिवळीधमक नोट एका घडीत ठेवलीत, तर रात्री पोर्चमधल्या उजेडात गाडी आणून देणाऱ्याची चंगळ होईल.