एक नोट्रम्प: १५-१७ की १२-१४?

ब्रिजमध्ये समतोल पत्ते (चारही रंग साधारण सारखे) आले की एक नोट्रम्प, म्हणजे हुकुमाविना खेळायची बोली, म्हणायची, पण मोठ्या पत्त्यांच्या किती गुणांवर? अमेरिकी पद्धतीत १५ ते १७, ब्रिटनच्या अकॉल या बोली-पद्धतीत १२ ते १४. भिडूचा सगळा हिशेब त्यावरच फिरतो. जोरदार (१५-१७) नोट्रम्पला ८-९ गुणांवर दोन नोट्रम्पचं आमंत्रण, म्हणजे गेमला जायचं का अशी विचारणा; १० असले की थेट गेम (मोठा बोनस देणारी बोली). कमजोर (१२-१४) नोट्रम्पला नुसत्या आमंत्रणासाठीच ११-१२ लागतात. स्टेमन आणि ट्रान्स्फर या भिडूच्या ठरलेल्या उत्तर-बोल्या दोन्हीकडे चालतात.

कमजोर बोलीचं खरं बळ असं, की ती वारंवार येते आणि विरोधकांची पहिली पायरीच काढून घेते. पण व्हल्नरेबल (दंड जास्त बसतो अशा स्थितीत) असताना भिडू रिकामा निघाला, विरोधकांचं डबल (दंड वाढवणारी बोली) पडलं आणि दोन हात कमी पडले, तर ५०० गेले! म्हणून नव्या जोडीला मी १५-१७च सुचवते. नॉन-व्हल्नरेबल असताना मात्र १२-१४ जरूर खेळून बघा.