मागची चाकं वळवायची की सेटअप घासत बसायचं? ग्रान टुरिस्मो ७ मधला माझा अनुभव

गाडीचं नाक वळणात आत यायला तयार नसेल, तर 'ग्रान टुरिस्मो ७' या कार रेसिंगच्या व्हिडिओ गेममध्ये दोन रस्ते आहेत. ट्यूनिंग शॉपमधून फोर-व्हील स्टिअरिंगचा पार्ट घ्यायचा, मागच्या चाकांना कोन द्यायचा आणि निघायचं. नाहीतर मागची चाकं सरळच ठेवून अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा), डिफ (दोन चाकांत इंजिनचा जोर वाटणारा डिफरन्शियल) आणि टो (चाकं किंचित आत किंवा बाहेर वळलेली ठेवायचा कोन) थोडे थोडे हलवत बसायचं. पहिल्याला पाच मिनिटं लागतात, दुसऱ्यात संध्याकाळ जाते. मी टोयोटा सुप्रा आरझेड '९७ या गाडीवर दोन वेगळ्या सेटिंग शीट (गेममध्ये सेव्ह करून ठेवता येणाऱ्या सेटिंगच्या याद्या) करून दोन्ही रस्ते जवळपास महिनाभर वापरले. सुप्रा मुद्दाम घेतली. पुढे सहा सिलिंडरचं लांब इंजिन, जोर मागच्या चाकांवर, आणि संथ वळणात घाई केली की ती हमखास बाहेर जाते.

ट्रॅक जपानमधला त्सुकुबा. जेमतेम दोन किलोमीटरचा, पण हेअरपिन (जवळपास उलट फिरवणारी संथ वळणं) असे की गाडीची खोड लगेच कळते.

पार्ट बसवल्यावरची पहिली लॅप सुखाची असते, हे मान्य करायलाच हवं. हेअरपिनला ब्रेक सोडून स्टिअरिंग वळवलं की गाडी जणू अर्धा फूट आखूड झाल्यासारखी वळते. एरवी मी जिथे हात आवळून वाट बघत असतो, तिथे गॅस देता येतो. कोन थोडाच ठेवला तर हा फायदा जवळजवळ फुकटचा वाटतो. जास्त दिला की गाडी आधी चपळ आणि मग चंचल वाटायला लागते, निदान माझ्या हातात तरी.

माझा निर्णय मात्र हेअरपिनवर झाला नाही, शेवटच्या वळणावर झाला. त्सुकुबाचं शेवटचं वळण लांबलचक आहे. गाडी बराच वेळ पकडीच्या काठावर असते आणि हात सतत बारीक दुरुस्त्या करत असतात. त्या वळणात मध्यावर मागचे टायर जरा सुटले, मी सवयीने उलटं स्टिअरिंग दिलं, आणि गाडी सावरण्याऐवजी डुलली. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा डुलणं, मग गवत. वाटलं, आपलीच चूक. पण पुढचे काही दिवस हे त्याच जागी होत राहिलं. शीट बदलून पार्ट नसलेली सुप्रा काढली की तीच घसरण एका झटक्यात सावरायची.

कारण समजायला मला वेळ लागला. मी गेम खेळायला वापरतो त्या घरच्या स्टिअरिंगमधून हाताला जे जाणवतं, ते मुख्यतः पुढच्या टायरचं. पुढचे टायर ताणले की जड, सुटले की हलकं. मागे काय चाललंय ते खऱ्या गाडीत सीटमधून, कमरेतून कळतं. जेवणाच्या टेबलाला क्लॅम्प आवळून प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ते कळायची सोय नाही. त्याला मागची बातमी डोळ्यांनीच मिळते, तीही गाडी फिरायला लागल्यावर. मागची चाकं सरळ असतील तर हा उशीर चालून जातो, कारण त्यांचं वागणं ठरलेलं असतं. चारही चाकं वळत असतील तर मी दिलेलं उलटं स्टिअरिंग मागेही पोचतं, आणि आधीच घसरत असलेल्या टायरचा कोन त्याच क्षणी बदलतो. दुरुस्ती मला एका टोकाला करायची होती, झाली दोन्ही टोकांना, आणि त्यातल्या एका टोकाचा हाताला पत्ताच नाही. मला एवढी एकच गोष्ट खटकली, पण ती प्रत्येक लॅपला खटकली.

खऱ्या गाड्यांचा इतिहासही या बाबतीत दोन्हीकडे झुकतो. निसानने १९८५च्या स्कायलाइनवर हायकास ही मागची चाकं वळवणारी यंत्रणा आणली आणि पुढे आर३२, आर३३, आर३४ जीटी-आरपर्यंत ही कल्पना नेली. तरी ट्रॅकवर आणि ड्रिफ्टला जाणारे कित्येक मालक ते बंद करून मागची चाकं सरळ बांधून टाकतात. १९८७च्या होंडा प्रेल्यूडमध्ये सगळं यांत्रिक होतं: स्टिअरिंग थोडं वळवलं तर मागची चाकं त्याच दिशेला, खूप वळवलं तर उलट दिशेला. पोर्शने २०१३च्या ९११ जीटी३मध्ये मागची चाकं वेगाशी जोडली. ताशी ५० किलोमीटरच्या खाली उलट दिशा, ८०च्या वर तीच दिशा, आणि कोन जास्तीत जास्त दीड अंश. तो दीड अंश बसवायला किती मेहनत लागली असेल, हे स्वतः आकडा फिरवून बघितल्यावर मला खरं उमगलं. उलट रेनोने २०१९च्या मेगान आरएस ट्रॉफी-आरमधून ही यंत्रणा काढूनच टाकली. ३८ किलो वाचले, आणि त्या गाडीने जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या लांबलचक ट्रॅकवर पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांचा विक्रम केला. तिथे हिशोब मुख्यतः वजनाचा होता, हे कबूल. तरी ट्रॉफी-आरकडे बघून मला धीर आला.

आता दुसरा रस्ता. पुढचा अँटी-रोल बार सैल, मागचा थोडा ताठ. डिफची गॅसवरची पकड कमी, म्हणजे वळणातून निघताना दोन्ही मागची चाकं मिळून गाडीला सरळ ढकलत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्रेक एकदम न सोडता वळणाच्या आतपर्यंत हळूहळू सोडत नेणं, म्हणजे पुढच्या टायरवर वजन टिकतं. एवढं करूनही हेअरपिनला पार्टवाली सुप्रा थोडी पुढेच राहते असं मला वाटतं. एकच लॅप मारायची असेल तर कदाचित तीच जिंकेल. पण सलग दहा लॅप मारल्या की माझी सरळ चाकांची सुप्रा दहाही वेळा रस्त्यावर असते, आणि दहावी लॅप पहिलीसारखीच लागते.

तुम्ही कंट्रोलरवर खेळत असाल तर माझा सल्ला थोडा बदलेल. अंगठ्याखालची काडी इवलीशी फिरते, बारीक दुरुस्त्या गेमच तुमच्यासाठी गुळगुळीत करतो, आणि हाताला येणाऱ्या निरोपाचा प्रश्न फारसा उरत नाही. माझा धाकटा भाऊ कंट्रोलरवर खेळतो. पार्टवाली शीट त्याला मनापासून आवडली आणि शेवटच्या वळणाची माझी तक्रार त्याला कळलीच नाही. त्याने थोडा कोन ठेवून खेळावं, मी अडवणार नाही.

ऑनलाइनचंही बघून घ्या. स्पोर्ट मोडच्या दैनंदिन शर्यतींत बऱ्याचदा सेटिंगला हात लावता येत नाही. मागच्या चाकांच्या भरवशावर हेअरपिन घ्यायची सवय लागली, की त्या शर्यतीत पहिल्याच हेअरपिनला गाडी रुंद जाते. ब्रेक हळू सोडायची सवय मात्र प्रत्येक गाडीत बरोबर येते.

पार्ट घेतला असेल तर तो फुकट गेला असं समजू नका. दोन शीट करा, टायर तेच ठेवा, आणि हेअरपिन सोडून फक्त शेवटच्या वळणाकडे लक्ष देऊन दहा-दहा लॅप मारा. माझ्या सुप्रावर पार्टवाली शीट अजून सेव्ह आहे. भाऊ आला की तीच लावतो.