मंडईतली भाजी, 'सेंद्रिय' भाजी की ओळखीचा शेतकरी?

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत भेंडी निवडताना मावशींना विचारलं, "औषध कधी मारलंय?" "परवा मारलंय, काल तोडलीया." त्यांनी काहीच लपवलं नाही, पण माझा हात पाटीतच थांबला.

मंडईतल्या भाजीची खरी अडचण ही आहे. फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही हे बाटलीच्या लेबलवर छापलेलं असतं. पण भेंडीचा तोडा दिवसाआड. थांबलं तर भेंडी जून होते, मग तिला गिऱ्हाईक नाही. वांग्यात अळी फळाच्या आत शिरते, म्हणून फवारण्याही जास्त. मला यात शेतकऱ्याला दोषी धरवत नाही. 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूरच दगावले. आपल्या ताटात येतो तो औषधाचा अंश फार थोडा असतो, त्यानं कुणी लगेच आजारी पडत नाही. काळजी आहे ती वर्षानुवर्षं रोज पोटात जाण्याची. त्यातही लहान मुलांची आणि गरोदर बाईची जास्त, कारण ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं थेट मज्जासंस्थेवर काम करतात.

सेंद्रिय दुकानात पैसे जास्त मोजायचे तर पाकिटावर 'जैविक भारत'चं, म्हणजे प्रमाणित सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह बघा. सुट्या भाजीवर नुसती 'सेंद्रिय' पाटी असेल, तर मी तरी घेत नाही.

धुण्याचं म्हणाल, तर लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून पंधरा मिनिटं भाजी ठेवा, मग साध्या पाण्यानं धुवा. वरचा अंश बराच निघतो. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मात्र झाडाच्या रसात भिनतं, ते धुऊन जात नाही. दुधी, लाल भोपळा, सुरण सोलूनच शिजतात, तेवढा फायदा. पण भीतीपोटी भाजी खाणंच कमी करू नका, त्यात तोटाच जास्त आहे.

घरात लहान मूल असेल तर माझा कौल ओळखीच्या शेतकऱ्याला. वडणगे-चिखलीकडून भाजी आणणाऱ्या एखाद्या मावशींकडे दर आठवड्याला जा आणि दोनच गोष्टी विचारा: शेवटची फवारणी कधी, तोडा कधी? चार वेळा गेलात की त्या आपणहून सांगायला लागतात.

त्या दिवशी मावशींनीच भेंडी बाजूला सारली. "वरणा न्या ताई, त्याला अजून औषध लावलेलं न्हाई." वरण्याच्या शेंगा अर्धा किलो घेतल्या.