पाठीवर पाणी की फ्रेमवर?

लांब पल्ल्याच्या ग्रॅव्हल शर्यतीला, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांवरच्या सायकल शर्यतीला, आठ-दहा दिवस उरले की बहुतेक निर्णय होऊन गेलेले असतात. टायर ठरलेला असतो, आणि ठरला नसेल तर निदान नवा प्रयोग तरी आता करू नये. टायरमधलं सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) ताजं भरायचं, ब्रेकपॅड बघायचे, क्लीटचे (बूट पेडलला अडकवणाऱ्या तुकड्यांचे) स्क्रू आवळायचे, चेन साफ करायची, ही एका संध्याकाळची कामं. पण एक प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळत राहतो. पाणी न्यायचं कसं? पाठीवरच्या हायड्रेशन पॅकमध्ये (आत पाण्याची पिशवी आणि तोंडापर्यंत येणारी नळी असलेली सॅक), की फ्रेमवरच्या बाटल्यांत?

३०० किलोमीटरच्या आसपासच्या शर्यती मी दोन्ही प्रकारे केल्या आहेत. सध्या बाटल्या वापरतो. पण एवढं वाचून पॅक माळ्यावर टाकू नका, त्याची बाजू अजिबात लंगडी नाही.

आधी तीच बघू. खडीच्या उतारावर, किंवा पत्र्याच्या छपरासारख्या आडव्या लाटा पडलेल्या रस्त्यावर, हँडलवरचा हात काढायची इच्छा होत नाही. सुरुवातीच्या गर्दीत तर मुळीच नाही: पुढे धुरळा, दोन्ही बाजूंना कोपर, आणि तुम्ही खाली वाकून बाटली शोधताय. नळी तोंडाशी असली की हा प्रश्नच येत नाही. मान जराशी वळवली की घोट मिळतो. पॅक असताना मी जास्त वेळा प्यायचो, हे मला आजही मान्य आहे. मोजून बघितलेलं नाही, पण पहिल्या दोन तासांत तरी फरक नक्की जाणवायचा.

दुसरा मुद्दा चिखलाचा. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात अनबाउंड ग्रॅव्हल नावाची शर्यत होते. २००६ साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. तिचं सगळ्यात गाजलेलं अंतर २०० मैलांचं, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर. २०२३ साली तिथे सुरुवातीच्या टप्प्यातच चिखलाचा असा पट्टा लागला की चाकं फिरेनात आणि भल्याभल्यांना सायकल उचलून चालावं लागलं. तिथे जाणारे अनेक जण रंग ढवळायची लाकडी पट्टी सोबत ठेवतात, फ्रेमला थापला गेलेला चिखल खरवडायला. अशा दिवशी फ्रेमवरच्या बाटलीचं तोंड कसं दिसत असेल याची कल्पना करा. जनावरांच्या वाटेवरून जात असाल तर तो सगळा चिखलच असेल असंही नाही. पाठीवरची नळी या सगळ्यापासून बरीच वर राहते.

आणि सायकल खांद्यावर घ्यायची वेळ आली की भरलेल्या बाटल्यांचं दीड-दोन किलो वजनही तिच्यासोबत उचलावं लागतं. पॅकमधलं पाणी आधीच पाठीवर असतं.

इतकं असूनही मी पॅक सोडला. तुम्हाला वाटेल, वजनामुळे. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, वर पिशवी, आणि सहाव्या-सातव्या तासाला ते सगळं मानेच्या मुळाशी येऊन बसतं, हे खरंच आहे. उन्हात पाठीचा घाम वाळत नाही, जर्सीचे मागचे खिसे पॅकखाली दबतात, हेही आहे. पण त्याची सवय होते. मला सवय झाली होती.

सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची: आत किती पाणी उरलंय हे कळत नाही.

ऐकायला किरकोळ वाटतं. मलाही वाटायचं. एका शर्यतीत दुसऱ्या चेकपॉइंटला मी पॅक भरून घेतला. पाण्याची पिशवी काठोकाठ दिसत होती, दाबून बघितली तर टणक लागली. पुढचा टप्पा सत्तर-एक किलोमीटरचा, ऊन डोक्यावर. निम्मं अंतरही झालं नसेल, तोच नळीतून घरघर आवाज आला आणि तोंडात हवा. आधी वाटलं नळी मुडपली असेल. थांबलो, पॅक उतरवला, उघडला. पिशवी सपाट. काय झालं होतं ते तिथेच रस्त्याच्या कडेला लक्षात आलं. पॅकमध्ये ट्यूब, पंप, जाकीट असं सामान कोंबलेलं. त्यात ती पिशवी मी न काढताच घाईघाईने वरून भरली. बाकीच्या सामानाने ती मधेच चेपली गेली, वरच्या भागात हवा अडकली, आणि मला लागलेला टणकपणा पाण्याइतकाच त्या हवेचाही होता. उरलेलं अंतर कसं काढलं ते सांगण्यासारखं नाही.

त्यावर उपाय आहेत. पिशवी पूर्ण बाहेर काढून भरायची. तोंड बंद करून उलटी धरायची आणि नळीतून हवा ओढून काढायची. मी ते शिकलो. पण बाहेर काढायची म्हणजे ओल्या, घामट हातांनी. आत घालायची म्हणजे भरलेल्या पॅकमध्ये तेवढीच फुगलेली वस्तू सरकवायची. मग नळी पुन्हा जागेवर. घड्याळ लावलं नव्हतं, पण माझ्या शेजारी बाटल्या भरणारा स्पर्धक येऊन, भरून, काहीतरी तोंडात टाकून निघून गेलेला असायचा आणि मी अजून झिपशी झटत असायचो. शिवाय एवढं करूनही दोन तासांनंतर पाठीमागे किती उरलं ते अंदाजपंचेच. पाठीला वजनाचा फरक कळेल म्हणावं, तर दमलेल्या पाठीला सगळंच जड लागतं.

बाटलीचं तसं नाही. ती समोर दिसते, हातात घेतली की कळते. आणि हिशेब नुसता पाण्याचा नसतो. लांब शर्यतीत तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत असा सर्वसाधारण सल्ला असतो. त्यातली बरीचशी मी पाण्यातूनच घेतो. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ६० ग्रॅम मिसळले की माझ्यापुरता हिशेब साधा होतो: तासाला एक बाटली, वर थोडंसं खाणं. तास संपला आणि बाटली अर्धी आहे, तर मी कमी प्यायलो आणि कमी खाल्लंही. ते सुधारायला पुढचा तास हातात असतो. पॅकमध्ये हीच चूक चार तासांनी, पाय रिकामे झाल्यावर कळते. उलट बाजूही आहे. भीतीपोटी नुसतं साधं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते तहानेइतकंच, कधी त्याहून जास्त, घातक ठरू शकतं. तेव्हा किती प्यायलो हे माहीत असणं दोन्ही बाजूंनी कामाचं.

दोन बाटल्यांचा आणखी एक फायदा: एक गोड, एक साधी. पॅकमध्ये एकदा गोड पाणी भरलं की सगळंच गोड. खरचटलं तर धुवायला, डोळ्यात धूळ गेली तर मारायला, चूळ भरायला साधा घोट शिल्लक नाही. आणि शर्यतीनंतर ती नळी आतून वेळेवर धुतली नाही तर दोन आठवड्यांनी आत काळं धरतं. माझं धरलंय.

आता बाटल्यांचे दोष, कारण ते आहेतच. तोंडावरची धूळ: झाकणवाली बाटली घ्या, नाहीतर पहिली पिचकारी जमिनीवर मारून मग प्या. तरी दाताखाली कचकच थोडी येतेच. दुसरा दोष मोठा. बाटल्या उडतात. एका लांब, खडबडीत उतारावर माझी भरलेली बाटली केजमधून, म्हणजे फ्रेमवरच्या बाटलीच्या पकडीतून, निघाली, मागच्या चाकाला आपटली आणि कडेच्या गवतात गेली. शिवी हासडली. पण ती गेल्याचं त्याच क्षणी कळलं. पाऊण लिटर गेलं, पाऊण उरलं, पुढचं पाणी तीसएक किलोमीटरवर. त्याप्रमाणे वेग उतरवला आणि पोहोचलो. हवेने फुगलेल्या पिशवीने एवढीही सूचना दिली नव्हती.

तेव्हापासून धातूचं केज असेल तर ते हाताने किंचित आत वाकवून घट्ट करतो. रबरी पट्टाही चालतो, पण दर वेळी तो काढा-घाला करणं मला जमत नाही.

तिसरी बाटली डाउनट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या हँडलकडून पेडलकडे तिरप्या उतरणाऱ्या नळीच्या, खाली लावता येते. तिथे चाकाने उडवलेलं सगळं येऊन बसतं, म्हणून तिला तोंड लावत नाही. साधं पाणी ठेवतो आणि थांबलो की वरच्या बाटलीत ओततो. मधला मार्ग म्हणून पाण्याची पिशवी फ्रेमबॅगमध्ये, म्हणजे फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात बांधायच्या बॅगेत, ठेवूनही बघितली. पाठ मोकळी झाली, पण बॅग फुगून गुडघ्यांना घासायला लागली, आणि आतलं पाणी पुन्हा दिसेनासंच झालं. तो नाद सोडला.

पॅकच घ्या असं मी कुणाला सांगेन? फ्रेम लहान असेल त्यांना. त्रिकोणात फ्रेमबॅग बसवली की मोठ्या बाटल्यांना जागाच उरत नाही, आणि बाजूने निघणाऱ्या केजनेही मर्यादितच फरक पडतो. एका हाताने सायकल चालवताना तोल जातो त्यांना. हे शिकता येतं, पण शेवटच्या आठवड्यात नाही. आणि पाण्याचे दोन थांबे इतके लांब असतील की तीन बाटल्याही पुरणार नाहीत, तर तेवढ्या टप्प्यापुरता छोटा पॅक आणि सोबत बाटल्या. तिथे हट्ट नको.

ज्यांनी सगळा सराव पॅकवर केलाय आणि आता पाच दिवस उरलेत, त्यांनीही पॅकवरच जावं, माझं काही ऐकू नये. फक्त एकदा, शर्यतीचं सगळं सामान भरलेल्या अवस्थेत, पिशवी मोजून भरा. नुसत्या डोळ्यांनी नाही, मापाच्या भांड्याने. दोन लिटर लिहिलेल्या पिशवीत कोंबलेल्या पॅकमध्ये खरोखर किती मावतं ते एकदा कळू द्या. माझ्या पिशवीत दीडच्या आतच मावलं होतं.

बाटल्यांवर जाणाऱ्यांनी दोन्ही काठोकाठ भरून घराजवळचा सगळ्यात वाईट उतार ओळीने चार-पाच वेळा उतरावा. उडायची असेल ती तिथेच उडेल, आणि परत जाऊन उचलता येईल.