मिसिंग मारणारी जुनी गाडी: करंट, हवा की पेट्रोल, आधी संशय कुणावर?

उभी असताना गाडी थरथरते आणि ॲक्सिलरेटर दाबला की झटके खाते, म्हणजे मिसिंग मारते: एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. जुन्या पेट्रोल गाडीची ही तक्रार सांगितली की उत्तर साधारण ठरलेलं असतं: प्लग बदलू, थ्रॉटल बॉडी साफ करू, इंजेक्टर धुऊ, नाहीच थांबलं तर सेन्सर टाकून बघू. यातल्या एखाद्या गोष्टीने गाडी सुधारतेही, पण कशाने सुधारली ते कळत नाही आणि बिल मात्र सगळ्याचं होतं. त्यापेक्षा झटका नेमका कधी येतो, हे आधी बघा. अर्धं निदान त्यातच आहे.

हवा आणि करंट हे दोन संशयित ओळखायला सोपे, कारण दोघांचं वागणं एकमेकांच्या उलट. रबरी पाइप तडकला किंवा इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट सुटलं, की इंजिनात जादा हवा शिरते. आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, ते मुळात थोडीच हवा ओढतं, म्हणून ही चोरटी हवा तिथे फार जाणवते. आरपीएम दोन-अडीच हजारांवर नेलं की तीच गळती एकूण हवेच्या मानाने किरकोळ ठरते आणि इंजिन सरळ चालू लागतं.

करंटचं, म्हणजे पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीचं, तसं नाही. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी पडायला व्होल्टेजही जास्त लागतं. त्यामुळे कमजोर कॉइल (प्लगला जास्त व्होल्टेज पुरवणारी) किंवा गॅप वाढलेला प्लग आयडलला कसाबसा निभावून नेतो, पण वरच्या गिअरमध्ये कमी वेगात असताना पाय दाबला की तिथेच उघडा पडतो. झटका तुटक असतो आणि दमट हवेत वाढतो.

पेट्रोल कमी पडतं तेव्हा असे तुटक धक्के कमी. गाडी मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी वाटते. सुरुवातीला पिकअप ठीक असतो, पण लांब चढावर किंवा सलग वेगात दम सुटतो. फिल्टर तुंबलेला असेल किंवा पंप थकला असेल, तर आयडल बरेचदा अगदी चांगलं असतं. अपवाद इंजेक्टरचा. एकच इंजेक्टर तुंबला तर तो सिलिंडर आयडललाही मिसिंग मारतो आणि लोडवरही, म्हणजे इंजिनावर जोर पडतो तेव्हाही.

पहिली तपासणी मी करंटचीच करीन. त्याचा संशय सर्वांत जास्त म्हणून नव्हे, तर ती फुकटात होते म्हणून. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर इंजिन बंद करून दोन कॉइलची अदलाबदल करायची आणि कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला, स्कॅनरवर दिसणारा दोषाचा क्रमांक) पुसून गाडी चालवायची. आधी पी०३०२ (दोन नंबरच्या सिलिंडरचं मिसफायर, म्हणजे मिसिंग) होता आणि आता पी०३०३ (तीन नंबरचं) आला, म्हणजे दोन नंबरची कॉइल तिनावर नेल्यावर दोष तिच्यामागे गेला. कॉइल खराब. कोड हलला नाही तर असाच प्लग हलवून बघा. प्लग काढलाच आहे तर त्याचं पांढरं सिरॅमिकही निरखून पाहा. त्यावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ दिसली, तर करंट आत न जाता बाहेरून पळतोय. अशा वेळी प्लगवर बसणारा रबरी बूटही बदला, नाहीतर नवा प्लगही त्याच वाटेने जाईल.

त्याच स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे मिश्रण सांभाळायला कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. आयडलला ट्रिम वीस टक्क्यांच्या आसपास वर आणि अडीच हजार आरपीएमला शून्याजवळ, तर हवेची गळती. उलट लोड वाढेल तसा ट्रिम चढत गेला, तर पेट्रोलचा पुरवठा कमी आहे किंवा आत जाणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर ती कमी दाखवतोय. मात्र मॅप सेन्सरवर (तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो) चालणाऱ्या गाडीत गळती असूनही ट्रिम फारसा हलत नाही, नुसतं आयडल चढून बसतं. दुसरी फसगत ऑक्सिजन सेन्सरची. ठिणगी पडली नाही की न वापरलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो आणि सेन्सर मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असल्याचं सांगतो. पी०१७१ (मिश्रण पातळ असल्याचा कोड) दिसला म्हणून लगेच पंप बदलायला घेऊ नका. सोबत मिसफायरचा कोड असेल तर आधी तो सोडवा.

हवेची गळती शोधायला ब्रेक बूस्टरचा आणि पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ पुन्हा इनटेककडे नेणारा) पाइप हाताने वाकवून बघा, फुसफुस ऐका. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारायची युक्ती सगळे सांगतात. मला ती पटत नाही, आग लागायला तेवढं पुरतं. गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट (आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं) करून घेतलेली बरी.

खर्चाचं म्हणाल तर प्लगची मुदत संपली असेल तर सगळे एकदम बदला, कॉइल मात्र खराब असेल तेवढीच. सेन्सर पुराव्याशिवाय नको. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवत राहू नका; न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, आणि तो या सगळ्या पार्टांपेक्षा महाग. आरपीएमचा काटा स्थिर आहे, सायलेन्सरचा आवाज एकसारखा आहे, तरी स्टिअरिंग थरथरतंय? मग इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार बघा.

तिन्ही निर्दोष निघाले आणि एकच सिलिंडर अडून बसला, तर इंजेक्टर किंवा थ्रॉटल बॉडी धुण्यात पैसे घालण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजा. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी आले असतील तर हेड गॅस्केट. इथून पुढे प्रश्न कुठला पार्ट बदलायचा हा नसून, या वयाच्या गाडीचं हेड खोलायचं की नाही, हा आहे.